उताऱ्याखालचे प्रश्न

मे महिन्यात लीड्सला ऊन पडलं की मला आनंद व्हायच्या आधी संशय येतो. सकाळी पडदा सरकवावा तर समोरच्या विटांच्या भिंतीवर छान पिवळं ऊन, शेजारचे डेरेक अर्ध्या चड्डीत कुंपणाची हेज कापतायत, आणि आइस्क्रीमची गाडी नको त्या वेळी कुठेतरी वाजतेय. अविनाश, म्हणजे माझा नवरा, चहा घेता घेता म्हणतो, "अगं, कार्डिगन कशाला? आभाळ बघ कसं निळंशार आहे." असेल. पण सांगलीहून इथे येऊन माझा अर्धा जन्म गेला, या आभाळानं मला अजून एकदाही लेखी काही दिलेलं नाही. मी पर्समध्ये घडीची छत्री टाकते आणि निघते.

हे दिवस परीक्षेचे. इथल्या परीक्षेला एक वास असतो. हॉलच्या लाकडी फरशीला नुकतं पॉलिश केलेलं असतं, उघड्या खिडकीतून हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांचा गोडसर, जरासा कुबट वास आत येतो, आणि निम्मे परीक्षार्थी हे-फीव्हरनं, म्हणजे परागांच्या ॲलर्जीनं, शिंकत असतात. टेबलं एकमेकांपासून इतकी लांब मांडलेली, की पाहणाऱ्याला वाटावं या सगळ्यांची आपसात भांडणं झालीयत. देखरेख करणारा माणूस रबरी तळव्याचे बूट घालून मागून चालत येतो, म्हणजे तो आल्याचं कळूच नये. सगळी मांडणी संशयाचीच. तुम्ही कॉपी करणार हे धरूनच खोली लावायची आणि वर पुन्हा हसून 'गुड लक' म्हणायचं. मला तरी ही पद्धत प्रामाणिक वाटते. निदान संशय लपवत नाहीत.

मी प्रौढांना इंग्रजी वाचायला शिकवते. एका जुन्या शाळेच्या इमारतीत आमचं सेंटर आहे, आणि माझी खोली अगदी वरच्या मजल्यावर. या सोमवारी तिथे गेले तर लिफ्ट बंद. दारावर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून कागद डकवलेला. मी उभी राहून तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. पूर्वी मी असले कागद वाचत नसे. कोण वाचतं? लिफ्ट बंद दिसली की माणूस जिन्याकडे वळतो. पण आता मी वाचते, आणि वाचते म्हणजे ओठ हलवून वाचते. मागून आलेल्या एका मुलीनं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. पाहू दे. मला फांगबाई आठवल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर ते अख्खे परीक्षेचे दिवस.

त्या वर्षी माझ्या सकाळच्या वर्गात सहा जण होते आणि सहाही चिनी. बहुतेकांची संध्याकाळ टेकअवेच्या स्वयंपाकघरात जायची, म्हणून वर्ग सकाळचा. मिस्टर ग्वो पन्नाशीचे, आचारी, हातावर तेलाचे जुने डाग. बाकी चौघं गप्प बसणारी. आणि फांगबाई. त्या चीनमध्ये शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. नवऱ्यामागोमाग इथे आल्या आणि चुलत दिराच्या दुकानात स्प्रिंग रोल भरायला लागल्या. वर्गातली मंडळी त्यांना 'लाओशी' म्हणायची. म्हणजे बाई, शाळेतल्या बाई. मला नुसतं 'टीचर'. एका वर्गात दोन बाई झाल्या की काय होतं ते शाळेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "टीचर, तुम्ही इंडियाच्या?"

"हो."

"इंग्लिश तुमची आईची भाषा?"

"नाही. मराठी."

त्यांनी मान हलवली. ती मान मला ओळखीची होती. मला गाडी चालवायला शिकवणारा माणूस ग्रीक आहे हे कळल्यावर मी अगदी तशीच हलवली होती. अपमान वगैरे काही नाही, फक्त मनात एक बारीकशी खूण. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी मनात म्हटलं, बघू या आता कोण कुणाला ओळखतं.

त्यांना नेमकं काय हवंय हे मात्र त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. कॉलेजात सप्टेंबरला लॅब टेक्निशियनचा कोर्स सुरू व्हायचा होता. त्यांना जागा मिळाली होती, पण वाचनाची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट जुलै संपायच्या आत दाखवायचं होतं. नाही दाखवलं तर जागा दुसऱ्याला. "दुकानात माझे हात रोज तेच करतात," त्या म्हणाल्या होत्या. "डोकं बाहेर उभं राहून वाट बघतं." असं बोलणारी बाई नापास होता कामा नये, एवढं मीही ठरवून टाकलं.

या परीक्षेत एक उतारा असतो आणि खाली प्रश्न. काही प्रश्नांना तीनच उत्तरं: ट्रू, फॉल्स, किंवा डझन्ट से. म्हणजे खरं, खोटं, किंवा मजकुरात तसं काही म्हटलेलंच नाही. फांगबाईंचा जीव या तिसऱ्यावर. उताऱ्यात मारिया नावाची बाई नव्या घरासमोर उभी राहून हसतेय, सोबत फोटोही आहे. प्रश्न: मारियाला घर आवडलं आहे. सगळे म्हणाले ट्रू. फांगबाई म्हणाल्या, "डझन्ट से."

"अहो, ती हसतेय ना?"

"फोटोत सगळे हसतात, टीचर."

दुसऱ्या एका उताऱ्यात पोहण्याच्या तलावावर पहिला धडा फुकट असल्याची जाहिरात होती. प्रश्न: पहिल्या धड्याला पैसे पडत नाहीत. फांगबाईंनी पुन्हा डझन्ट से लिहिलं. मी म्हटलं, स्वच्छ लिहिलंय की 'फ्री'. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच वाटलं आपण कुठल्याशा स्कीममध्ये दागिने घालवून बसलोय. "फ्री लिहिलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "फ्री आहे, असं नाही लिहिलेलं." मिस्टर ग्वोंनी लगेच आपलं ट्रू खोडलं. मला हसू आलं आणि चीडही आली. मनातल्या मनात मी त्यांच्याच बाजूची होते, आणि परीक्षेत मात्र असलं उत्तर चालत नाही.

सांगलीच्या शाळेत आम्हालाही उतारा असायचा. खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा. आम्ही आधी प्रश्न वाचायचो, त्यातला एक शब्द पकडायचो, तो उताऱ्यात सापडला की त्याच्या मागची पुढची ओळ उचलून ठेवून द्यायचो. पैकीच्या पैकी. पण ते 'स्वतःच्या शब्दांत' मला फार छळायचं. स्वतःचे शब्द म्हणजे कुठले? मला येणारा प्रत्येक शब्द कुणाचा तरी होता. काही आईचे, काही रेडिओचे, काही गणपती पेठेतल्या दुकानांच्या पाट्यांवरचे. मी एकदा बाईंना हे विचारलं. बाई म्हणाल्या, "जास्त शहाणपणा नको. बस खाली." मी बसले. पण तो प्रश्न बसला नाही.

इंग्रजीचं तर विचारूच नका. अविनाशची इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा आम्हाला क्वार्टर मिळालं होतं, आणि माझं पहिलं इंग्रजी तिथल्या कपडे धुण्याच्या खोलीतलं. भिंतीवर कागद होता: कृपया आपले कपडे वेळेवर काढून न्यावेत. मी तो मशीनची वाट बघत इतके वेळा वाचला, की पुढे एकदा शेजारणीशी बोलताना मी 'काइंडली रिमूव्ह' म्हणून गेले. तिच्या मुलाला उद्देशून. तो आमच्या पायऱ्यांवर बसला होता.

मग इथल्या माणसांना वाचायला शिकले. हा उतारा सगळ्यात अवघड. आमची मॅनेजर हेलन 'इंटरेस्टिंग' म्हणाली की समजायचं, तिला पटलेलं नाही. 'व्हेन यू हॅव अ मोमेंट' म्हणजे आत्ता, ताबडतोब. 'आय एम शुअर देअर इज अ परफेक्टली सिंपल एक्स्प्लनेशन' असं म्हणाली, तर पाणी कुठेतरी मुरतंय असं तिचं ठाम मत झालेलं असतं. बाई वाईट नाही हो. तिचा संशय फक्त इस्त्री केलेला असतो. माझा चुरगळलेला, एवढाच फरक.

एप्रिल संपता संपता मला एक गोष्ट जाणवायला लागली. मी मागच्या दारानं, कार पार्ककडून यायची आणि लवकर येऊन वर खोली उघडायची. थोड्या वेळानं खालून, जिन्याच्या पोकळीतून, आवाज यायचा. सगळ्यांचा मिळून, एका सुरात. आपल्याकडे संध्याकाळी दिव्यापुढे मुलं परवचा म्हणायची ना, तसा. शब्द कळायचे नाहीत, कारण वर येईपर्यंत त्याचा नुसता घुमारा व्हायचा. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाकले की आवाज बंद. मग पावलं. मग सहा जण वर, धापा टाकत, "गुड मॉर्निंग, टीचर." चेहरे कोरे.

इंग्लंडात पाली नाहीत, पण माझ्या मनातली पाल इथेही चुकचुकते. हे काय म्हणत असतील खाली? माझ्याबद्दल काही? का कुठून प्रश्नपत्रिका मिळालीय आणि तिची घोकंपट्टी चाललीय? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हसून काहीतरी सांगणार आणि मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. मग विचारायचं कशाला?

घरीही परीक्षाच होती. आमची मुलगी रेवा इथेच जन्मलेली, तिची ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी. जेवताना मी हे सगळं सांगायला लागले की ती म्हणायची, "आई, तू सगळ्या लोकांवर सस्पिशस असते. माझा पण परीक्षा आहे ना. तुझा स्टुडंट्सचाच नाही." मी म्हणायचे, माझी परीक्षा. ती म्हणायची, "तेच. माझा." अविनाश आमटी वाढून घेत म्हणायचा, "तू पोलिसात जायला हवं होतंस." दिवसभर ऑपरेशनच्या पेशंटांना भूल देऊन घरी आलेला डॉक्टर सगळं हलकंच घेतो. मला मात्र त्या दिवसांत झोपसुद्धा अर्धवट लागायची.

परीक्षा जूनमध्ये झाली. उतारा अगदी सोपा निघाला. एका गावातला रहिवासी तक्रार करतोय, की पोहण्याचा तलाव कितीतरी दिवस बंद आहे, कारण बॉयलर बिघडलाय आणि त्याचा सुटा भाग मिळत नाही. प्रश्न: तलाव का बंद आहे? उत्तर इतकं समोर होतं, की मी हॉलबाहेर कॉफी घेत निवांत उभी होते. फांगबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "टीचर, चांगला गेला." त्यांनी चांगला गेला म्हटलं, तिथेच मला धसका बसला. ही बाई असं कधी बोलत नाही.

महिना संपत आला आणि हेलननं मला बोलावलं. व्हेन यू हॅव अ मोमेंट.

तिच्या टेबलावर सहा उत्तरपत्रिकांच्या प्रती होत्या. तलाव का बंद आहे, या प्रश्नाला सहाही जणांनी एकच उत्तर लिहिलं होतं, अक्षर न् अक्षर सारखं: ओइंग टू इसेन्शियल मेन्टेनन्स. अत्यावश्यक देखभालीच्या कारणास्तव. हे शब्द उताऱ्यात कुठेच नव्हते. बॉयलरचं नाव सहांपैकी एकानंही काढलेलं नव्हतं. आणि मिस्टर ग्वोंनी तर पुढे जाऊन, कुणी विचारलेलं नसताना, लिहून ठेवलं होतं: गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

"हे जरा चेष्टेसारखं वाटतं," हेलन म्हणाली.

"ग्वो चेष्टा करणाऱ्यातले नाहीत."

"मला खात्री आहे, याचं अगदी साधं स्पष्टीकरण असेल," ती म्हणाली, आणि मी समजले. सहा जणांनी मिळून उत्तरं ठरवल्याचं सिद्ध झालं तर सहाही निकाल रद्द, आणि वर्षभर परीक्षेला बसायची बंदी. तोवर निकाल थांबवून ठेवायचा. त्यांना कळवलं काय होतं? एक ईमेल. तुमच्या पेपरबाबत एक 'स्लाइट क्वेरी' आहे. एक बारीकशी शंका. कसली शंका, त्याचा पत्ता नाही.

फांगबाईंनी तो ईमेल मला फोनवर दाखवला. "टीचर, स्लाइट म्हणजे लहान?"

"हो."

"लहान असेल तर जुलैच्या आत संपेल. ट्रू, फॉल्स?"

प्रकरण चौकशीत आहे, विद्यार्थ्यांशी बोलायचं नाही, असं हेलननं बजावलं होतं. फांगबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. माझा चेहराही त्या वाचत असणार.

आणि माझं म्हणाल तर मला सगळं दिसायला लागलं होतं. तो जिन्यातला सूर. मी वाकल्याबरोबर बंद होणारा. ते कोरे चेहरे. हॉलमध्ये फांगबाईंचं टेबल पहिलं होतं, म्हणजे उत्तर सुटलं असेल तर तिथूनच सुटलेलं. गाडी चालवताना, भाजी चिरताना मी नुसती हिशेब जुळवत होते. आणि जुळत गेला की वाईट वाटायचं, कारण मला तो जुळायला नको होता. ही बाई मला आवडत होती. माझ्यासारखीच होती मेली, कशावर विश्वास न ठेवणारी. तिनं लबाडी केली असेल, तर माझ्यासारख्या माणसांचं काही खरं नाही.

त्या आठवड्यात एकदा पुस्तकांचा गठ्ठा घेऊन पुढच्या दारानं आले, तर लिफ्ट सुरू झालेली. आत आमचा केअरटेकर बॅरी, हातात रंगाचा डबा. गठ्ठा बघून त्यानं दार धरून ठेवलं.

"झाली एकदाची दुरुस्त," मी म्हटलं.

"ईस्टरपासून बंद होती," बॅरी म्हणाला. "बरं झालं. तुमच्या त्या मंडळींचा त्रास तरी संपला."

"कुठल्या मंडळींचा?"

"ते सहा जण. रोज सकाळी माझ्या नोटिशीसमोर उभे राहायचे आणि ती मोठ्यानं म्हणायचे. सगळे एकदम. ती बाई हात वर करायची आणि हे सुरू. मला वाटायचं, लिफ्ट होत नाही म्हणून माझी चेष्टा करतायत. मी एकदा रागानं बघितलंसुद्धा. तर त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मग तर माझी खात्रीच पटली."

मी विचारलं, नोटिशीत काय होतं. बॅरीला आठवेना. हेलननं टाइप करून दिली होती, तो म्हणाला, मी फक्त चिकटवली. लिफ्टच्या दारावर आता चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे राहिले होते. वर पोचेपर्यंत माझ्या हातातला गठ्ठा घसरायला लागला होता.

मी तशीच जाऊन हेलनला सांगायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण माझा स्वभाव. बॅरी मनानंच काही जोडत असेल तर? नोटीस तर आता नाही. आणि समजा मी आधीच सांगितलं आणि हेलननं ते फांगबाईंना विचारलं, तर त्या सरळ 'हो' म्हणतील. त्याला काय अर्थ? मी ठरवलं, गप्प बसायचं. त्यांच्या तोंडून काय येतं ते बघायचं.

मीटिंग जुलैच्या सुरुवातीला हेलनच्या खोलीत झाली. सहांच्या वतीनं फांगबाई आल्या होत्या, निळा कोट घालून, एवढ्या उकाड्यात. शिक्षिका म्हणून मी हजर. खिडकी उघडी होती आणि खालच्या हिरवळीवर कुणीतरी गवत कापत होतं, त्यामुळे हेलन दर दोन वाक्यांनी नाकाला रुमाल लावत होती.

"हे शब्द तुम्हाला कुठून मिळाले?" तिनं विचारलं.

फांगबाईंना प्रश्न समजायला वेळ लागला नाही. प्रश्न का विचारलाय, हे समजायला लागला. ते समजलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "तुम्हाला वाटतं, कॉपी?"

"आम्हाला फक्त समजून घ्यायचंय."

"इथून मिळाले," फांगबाई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवरून." मग त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, हेलनकडे नाही. त्यांच्या शाळेत रोज पहिल्या तासाआधी मुलं उभं राहून मोठ्यानं वाचतात. समोर जे असेल ते. पाठ होईपर्यंत. इथे पुस्तकं महाग, पण भिंती फुकट. वर्गात मोठ्यानं वाचलं तर टीचरला त्रास, म्हणून खालीच वाचून यायचं. जिन्यात लोक असतात, म्हणून वर चढताना गप्प. "परीक्षेत बंद होतं काहीतरी. आमचं वाक्य आम्हाला आलं. चांगलं वाक्य आहे. ऑफिसनं लिहिलेलं आहे."

"ती नोटीस आता तिथे नाहीये," हेलन म्हणाली. "अहवालात मी काय लिहू?"

फांगबाई उठल्या. हात बाजूला सरळ ठेवले, आणि पुढच्या दारापासून सुरुवात केली. कृपया सायकली कठड्याला बांधू नयेत. सर्व पाहुण्यांनी रिसेप्शनवर नाव सांगावे. मग लिफ्टची नोटीस, 'अत्यावश्यक देखभालीच्या कारणास्तव'पासून 'दिलगीर आहोत'पर्यंत सगळी, बॅरीचं नाव आणि एक्स्टेन्शन नंबरासकट. मग जिना. हे अग्निरोधक दार उघडे अडकवून ठेवू नये. पहिला मजला, बायकांचं टॉयलेट. मग किचन: शुक्रवारनंतर फ्रिजमध्ये राहिलेले अन्न कोणतीही सूचना न देता टाकून देण्यात येईल. डोळे मिटलेले, आवाज शाळेच्या मैदानावरचा. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर ती इमारत चढत होते. इतकी वर्षं तिथे शिकवून मी त्यातलं निम्मंही कधी वाचलं नव्हतं. शेवटी हेलनचंच दार आलं: टकटक करून थांबावे.

हेलननं वळून आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "फ्रिजची मी लिहिलीय." आणि परत मॅनेजर झाली. "पाठ आहे, हे उघड आहे. पण ही परीक्षा समजण्याची असते. उतारा सरळ सांगतोय की बॉयलर बिघडलाय, आणि तुम्ही सगळ्यांनी हे लिहिलंत. मला सांगा, या वाक्याचा अर्थ काय? तुमच्या स्वतःच्या शब्दांत."

परत तेच, स्वतःच्या शब्दांत. सांगलीच्या वर्गात मला कुणीतरी उभं केल्यासारखं झालं. कॉलेजची जागा, तो लॅबचा कोर्स, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं आणि मला मधे बोलायची सोय नव्हती.

फांगबाई अजून उभ्याच होत्या.

"लिफ्ट मोडली आहे," त्या म्हणाल्या. "आणि कोणी येणार नाही."

बाहेर गवत कापायचं मशीन थांबलं होतं. हेलननं रुमाल नाकाला लावला, पण शिंक आली नाही. मला शपथेवर सांगता येणार नाही, पण ती हसत होती. आपल्याकडे कार्यक्रम रद्द झाल्यावर फळ्यावर लिहितात ना, 'अपरिहार्य कारणास्तव'. तो फळा बघून आम्ही सगळे परत फिरायचो आणि वाटेत एकमेकांना म्हणायचो, पाहुणे आलेच नसणार. फांगबाईंनी हेलनचं वाक्य अगदी तसं वाचलं होतं.

"हो," हेलन शेवटी म्हणाली. "साधारण तसंच. मी कळवते."

आम्ही दोघी बाहेर आलो. लिफ्ट सुरू होती, पण फांगबाई जिन्याकडे वळल्या. दुरुस्त झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मधल्या मजल्यावर त्या थांबल्या.

"टीचर. 'मी कळवते'. ट्रू, फॉल्स?"

"डझन्ट से," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोन पायऱ्या उतरल्या आणि पुन्हा थांबल्या. पाठमोऱ्याच होत्या.

"टीचरलासुद्धा वाटलं होतं, फांगनं कॉपी केली. ट्रू, फॉल्स?"

जिन्याच्या पोकळीत आवाज किती घुमतो ते मला तेव्हा कळलं. ट्रू म्हणावं तर ते आता खरं राहिलं नव्हतं, फॉल्स म्हणावं तर कालपर्यंत होतं. त्यांनी मागे वळून माझा चेहरा नीट पाहिला.

"डझन्ट से," मी म्हटलं.

"करेक्ट," फांगबाई म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

निकाल जुलै संपायच्या आत लागला. सहाही पास. त्या एका प्रश्नाचे गुण कुणालाच मिळाले नाहीत, ते रास्तच होतं. मिस्टर ग्वो अगदी काठावर सुटले, आणि मला त्यांनी बदकाचं एवढं मोठं पार्सल आणून दिलं, की घरी अविनाश म्हणाला ही लाच आहे. मी म्हटलं, निकाल लागल्यानंतर दिलेली लाच नसते. तरी मी डबा उघडून आधी आत बघितलंच. फांगबाई सप्टेंबरात कॉलेजला गेल्या. आता लीड्सच्याच एका शाळेत लॅब सांभाळतात, पांढरा कोट घालून.

सोमवारी लिफ्टवरची नवी नोटीस वाचून झाल्यावर मी तिचा फोटो काढला आणि त्यांना पाठवला. शब्द न् शब्द जुनाच होता. हेलनची भाषा बदललेली नाही. वर गेले, खोली उघडली, खिडक्या उघडल्या, हॉथॉर्नचा वास आत आला. या वर्षीची मंडळी एकेक करून धापा टाकत वर आली. मी त्यांना परत खाली नेलं. त्यांना वाटलं आग लागली. लिफ्टसमोर उभं करून म्हटलं, वाचा, मोठ्यानं. बॅरी कोपऱ्यातून बघत होता, या वेळी मात्र रागानं नाही.

दुपारी फांगबाईंचं उत्तर आलं. शब्द नव्हते, त्यांनीही फोटोच पाठवला होता. त्यांच्या लॅबमधल्या एका सिंकवर डकवलेला कागद, ठसठशीत हातानं लिहिलेला. ही सिंक मोडली आहे. मी माणसाला फोन केला आहे. तो गुरुवारी येतो.

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. इतकी वर्षं मी या देशातल्या भिंती वाचतेय, अशी नोटीस मला कुठे दिसलेली नाही. पण स्वभाव जात नाही. गुरुवारपर्यंत मी कळ काढली. संध्याकाळी ऊन होतं, कार्डिगन खांद्यावर होतंच. बसस्टॉपवर उभी राहून मी त्यांना लिहिलं: माणूस आला का? ट्रू, फॉल्स, डझन्ट से?

बस यायच्या आत फोन वाजला. एकच शब्द होता.

ट्रू.